सेल्लम्माच्या पेटीतली आग

आठवणी म्हातारपणी लिहाव्यात, राग निवल्यावर, असं माझ्या मामाने मला सांगितलं. मी तिशी नुकतीच ओलांडली आहे आणि माझा राग निवलेला नाही, म्हणूनच हे प्रकरण आत्ता लिहायला घेतलं. राग निवला की माणसं सगळ्यांना थोडं थोडं माफ करायला लागतात, आणि सुरुवात स्वतःपासून करतात. या गोष्टीत मला कुणालाच फुकट माफ करायचं नाही, मलाही नाही. गोष्ट एका इस्त्रीची आहे. आमच्या घरच्या मराठीत इस्त्रीला 'पेटी' म्हणतात. तंजावुरात सगळे 'इस्त्रीपेट्टी' म्हणतात, आणि आम्ही इथली मराठी बोलणारी माणसं इतक्या पिढ्या तमिळ शेजारात राहिलो आहोत की घरातल्या निम्म्या वस्तूंना त्यांचीच नावं चिकटली. तेव्हा मीही पेटीच म्हणेन.

आमचं घर राजवाड्यामागच्या एका अरुंद गल्लीत होतं, आजही आहे. रस्त्याला लागून ओटा, आत लांबट अंधारी खोली, मग मोकळं अंगण, त्यापलीकडे स्वयंपाकघर, आणि अगदी मागे परसात अप्पांची पत्र्याची शेड. माझे अप्पा आय.टी.आय.मध्ये फिटरच्या वर्गाला शिकवत. साऱ्या गावाला ते 'राव सार'. मराठी माणूस म्हटला की राव, त्यापुढे नाव-आडनाव कुणी विचारत नाही. सकाळी राजवाड्यावरची कबुतरं घुमायला लागत, त्याच्याही आधी शेडमधून कानस घासल्याचा आवाज सुरू झालेला असे. आई शाळेत गणित शिकवायची. पावणेनऊच्या बसच्या आत तिची रसवांगी शिजलेली, उडदाच्या पिठाची डांगर पचडी कालवलेली, फोडणीचा हिंग अंगणभर पसरलेला, आणि त्या गडबडीत तिची एक हाक ठरलेली: "यमू, गाठोडं ओट्यावर ठेवलंस कां?"

गाठोडं म्हणजे इस्त्रीचे कपडे. ते ओट्यावर ठेवायचे आणि संध्याकाळी ओट्यावरूनच उचलायचे. ते न्यायला येणारी सेल्लम्मा ओट्याची पायरी चढत नसे. चढू नको असं तिला कुणी सांगितल्याचं मी कधी ऐकलं नाही. सांगावं लागतच नव्हतं, आणि हे आठवलं की आजही माझी कानशिलं तापतात. तिने इस्त्री केलेले कपडे शाळेला चालत, ऑफिसला चालत, लग्नात मिरवायला चालत, फक्त पूजेला चालत नसत. पूजेची वस्त्रं अंगणातल्या उंच बांबूवर काठीने वाळत घालायची आणि तशीच चुरगळलेली नेसायची. त्यामुळे आमच्या घरात कधीच पेटी नव्हती, आणि घरातल्या एकाही माणसाने जन्मात साधी वेष्टी, म्हणजे आपलं पांढरं धोतर, इस्त्री केलेलं नव्हतं. हे लक्षात ठेवा. पुढचं सगळं यातूनच झालं.

सेल्लम्मा ओरत्तनाडुच्या बाजूच्या एका खेड्यातून लग्न होऊन इथे आली होती. या गोष्टीच्या वेळी तिची पन्नाशी उलटलेली. अप्पांपेक्षा ती दहा वर्षांनी मोठी, तरी अप्पा तिला 'तू' म्हणत आणि ती त्यांना 'सार'. गल्लीच्या तोंडाशी करंजाचं झाड आहे, त्याखाली तिची गाडी: सायकलची चार चाकं, वर फळी, फळीवर जुन्या घोंगड्यांच्या घड्या, डोक्यावर पत्र्याचं छप्पर. तिची पेटी पितळी होती, सासूकडून आलेली. मूठ लाकडाची, हाताच्या घामाने काळी झालेली, आणि झाकणाच्या खटक्यावर एक पितळी कोंबडा. तो कोंबडा वळवून ती झाकण उघडायची, नारळाच्या करवंटीचा कोळसा आत ओतायची, मग पेटी हवेत तीनदा झुलवायची, की आतून ठिणग्यांचा छोटा पाऊस पडे. खळ घातलेल्या सुती कापडावर ओंजळीतलं पाणी शिंपडलं आणि त्यावरून पेटी गेली की जो भातासारखा, धुरासारखा वास येई, तो माझ्या लेखी सकाळचा वास होता. शाळेत जाताना मी दहा मिनिटं तिथे उभी राहायचे. तिचा उजवा दंड डाव्याच्या दीडपट होता, आणि तिच्या तोंडाला कधी विश्रांती नसे. "काय पाप्पा, आज कुणाविरुद्ध?" ती मला विचारायची. पाप्पा म्हणजे तमिळमध्ये छोटी मुलगी.

कुणाविरुद्ध, याला कारण होतं. मामाचा छोटा छापखाना होता बसस्टँडजवळ. लग्नपत्रिकांवर त्याचं पोट चाले आणि पत्रकांवर मन. कालव्याला पाणी सोडा, शाळेचं छप्पर दुरुस्त करा, देवळाच्या जत्रेत कुणाला मागे उभं करू नका: ज्याला ज्याला ओरडायचं असे तो मामाकडे येई. उरलेली पत्रकं आमच्या घरी येत. माझ्या पाठ्यपुस्तकांना पत्रकांची कव्हरं, मसाल्याच्या फडताळात पत्रकांचा कागद, चणे पत्रकांच्या पुडीत. तमिळ वाचायला मी शाळेत शिकले नाही, त्या गुलाबी-पिवळ्या कागदांवर शिकले. देवनागरी तर फार पुढे, कॉलेज संपल्यावर, हट्टाने शिकले. म्हणून माझ्या मराठीतही सगळी वाक्यं भिंतीवर चिकटवायला लिहिल्यासारखी उभी राहतात. राहू देत.

मी अकरावीत होते तेव्हा करंजामागच्या जागेवर तीन मजली फ्लॅट उभे राहिले. त्यांचे सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले, कडक कॉलरचे गृहस्थ. त्या कॉलरी सेल्लम्माच कडक करून देत असे. एक दिवस तेच गृहस्थ गाडीपाशी आले आणि म्हणाले की धूर भिंतीला लागतो, नवा रंग काळा पडतो, तेव्हा दिवाळीनंतर कोळशाची गाडी इथे नको. झाड रस्त्याचं, सावली झाडाची, आणि हुकूम यांचा. सेल्लम्मा त्या सावलीत वीस वर्षं उभी होती. तिची सगळी गिऱ्हाइकं हाकेच्या अंतरावर. तिथून हलली तर दुसऱ्या कुणाच्या झाडाखाली तिला कुणी उभं करणार नव्हतं, कारण प्रत्येक झाडाखाली आधीच कुणाची तरी गाडी असते.

संध्याकाळी ती ओट्याखाली उभी राहून अप्पांना म्हणाली, "सार, आग हवी पण धूर नको म्हणतात. अशी आग कुठे मिळते?"

अप्पांनी चष्मा कपाळावर चढवला. त्यांच्या डोक्यात काही शिरलं की ते असं करत. "स्वयंपाकाच्या गॅसला धूर असतो का?" ते म्हणाले. "गॅसवर चालणारी पेटी करून देतो तुला."

आज गॅसच्या पेट्या दुकानात मिळतात. तेव्हा आमच्या गावात तसली पेटी कुणी पाहिलेली नव्हती. अप्पांनी पंधरा दिवस शेडमध्ये काढले. जेवायला हाका मारून आईचा घसा बसला. पेटी तयार झाली ती ॲल्युमिनियमची, चकचकीत, आत छोटा बर्नर, मागून रबरी नळी. अप्पांना सगळ्यात जास्त अभिमान होता तो तिच्या वजनाचा. "बिचारी दिवसभर सहा किलो उचलते," ते आईला म्हणाले, आणि खरंच त्यांचा आवाज जड झाला होता. "मी अडीच किलोत बसवलं."

ओट्यावर फळी टाकली, मामाची खळ घातलेली वेष्टी अंथरली. सेल्लम्मा रस्त्यावर उभी राहूनच हात लांब करून इस्त्री करू लागली. दोन वेळा पेटी पुढेमागे नेली आणि थांबली. मग पेटी तळहातावर घेऊन वांगं जोखतात तशी जोखली.

"सार, ही पेटी आहे की डब्याचं झाकण?"

"हलकी केली आहे," अप्पा म्हणाले. "तुला उचलायला."

"उचलतंय कोण? पेटी कुणी उचलतं का, सार? ढकलतात. काम वजन करतं, मी फक्त वाट दाखवते. वजन तुम्ही काढून घेतलंत, आता दाबायचं कुणी? मीच ना?" तिने खांदा चोळून दाखवला. मग हसली. "सार, रागावू नका, पण तुम्ही कधी एक तरी वेष्टी इस्त्री केली आहे का?"

दारातून आई म्हणाली, "स्वतःच्या रुमालाची घडी करत नाहीत ते."

"आधी विचारायचं होतं ना, अप्पा," मी म्हटलं.

"तूं गप बस ग," अप्पा म्हणाले, आणि चकचकीत पेटी उचलून आत गेले. वीस वर्षं त्या बाईच्या हाताखालून त्यांचे शर्ट जात होते. आमच्या गल्लीतल्या शिकलेल्या माणसांची दया अशीच असते: मापं आपल्याच दंडाची घेते.

तिसऱ्या दिवशी सकाळी सेल्लम्माने तिची पितळी पेटी ओट्यावर आणून ठेवली. आतली राख झाडलेली, चिंचेने घासून लखलखीत केलेली. "तुमची आग हिच्यात बसवा," ती म्हणाली.

"भोकं पाडावी लागतील," अप्पा म्हणाले. "मग पुन्हा कोळसा घालता येणार नाही."

"माहीत आहे."

"चाललं नाही तर?"

"तर सासू वरून शिव्या देईल. द्यायचीच आधीही." पण पेटीवरून हात काढायला तिला जरा वेळ लागला, तो मी पाहिला.

मग जे दिवस गेले, ते माझ्या त्या वर्षातले सगळ्यात चांगले दिवस. खरं सांगायचं तर खूप चांगले, म्हणूनच पुढचं इतकं झोंबलं. अप्पा बर्नर बसवायचे, सेल्लम्मा दुपारच्या रिकाम्या वेळात मागच्या बोळातून थेट परसात यायची (त्या बाजूला पायरी नव्हती, म्हणून विटाळही नव्हता, ही आमच्या सोवळ्याची भूमिती), आणि दोघं भांडायची. आग पेटायची आणि विझायची. अप्पांना वाटे गॅस कमी पडतो. सेल्लम्मा डोळे बारीक करून पाहत राहिली आणि म्हणाली, "पुढे ढकलली की विझते. मागे ओढली की नाही." अप्पा तीन दिवस धड जेवले नाहीत. मग त्यांनी हवेच्या झरोक्यांच्या आतल्या बाजूला दोन छोटे आडवे पत्रे बसवले, असे की हवा आत यावी पण वारा येऊ नये, आणि आग निळी, स्थिर, तव्याखालच्या आगीसारखी जळू लागली. नळी साड्यांच्या काठात अडकून घडी ओढून न्यायची. त्यावर अप्पा काही काढायच्या आत सेल्लम्माने सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापली, गाडीच्या छपराला बांधली आणि नळी तिच्यात टांगली, बाळाच्या झोळीसारखी. पेटी जाईल तिकडे नळी वरून झुलत जाऊ लागली. अप्पांना झाकण काढून टाकायचं होतं. ती म्हणाली, "कोंबडा राहू दे. आग दिसली पाहिजे मला."

दिवाळीच्या आधी तीन आठवडे ती पेटी करंजाखाली सुरू झाली. धूर नाही, राख नाही. सेक्रेटरींच्या भिंतीला बोट लावायला जागा उरली नाही. आईने त्या दिवशी ओट्यावर कॉफी पाठवली, अर्थात वेगळ्या ठेवलेल्या स्टीलच्या पेल्यात.

मग अप्पांनी ट्रेसिंग पेपरवर काळ्या शाईने पेटीचं सुंदर ड्रॉइंग काढलं. वरून, बाजूने, मधोमध कापून. ट्यूबच्या पट्टीसकट, कोंबड्यासकट. एका लांबच्या शहरात कारागिरांनी लावलेल्या शोधांचं प्रदर्शन होतं. "दोन दिवसांत घेऊन येतो," असं सेल्लम्माला सांगून अप्पा पेटी पिशवीत घालून बसमध्ये बसले. परीक्षकांना पेटी पसंत पडली, मग ती पुढच्या फेरीसाठी ठेवून घेतली, मग कुणा मोठ्या पाहुण्यांना दाखवायची होती. दोन दिवसांचे अकरा झाले. या अकरा दिवसांत सेल्लम्माकडे पेटी नव्हती. कोळशाची पेटी म्हणजे तीच होती, गॅसची म्हणजेही तीच. गिऱ्हाइकं दुसरीकडे जाऊ नयेत म्हणून तिने परसातून ती ॲल्युमिनियमची पेटी मागून नेली आणि अकरा दिवस डब्याच्या झाकणावर अंगाचा भार टाकून दिवाळीचे कपडे इस्त्री केले. सातव्या दिवशी तिचा खांदा सुजला. मी तिला तेल गरम करून नेऊन दिलं. तिने फक्त विचारलं, "पाप्पा, फोन आला का साराचा?"

अप्पा परत आले ते शाल, प्रशस्तिपत्र आणि वर्तमानपत्रातल्या फोटोसकट. पेटी त्यांनी तशीच नेऊन सेल्लम्माला दिली, आणि तिने ती दोन्ही हातांनी घेतली. संध्याकाळी प्रशस्तिपत्र पूजेच्या फडताळाशेजारी खिळ्यावर टांगलं गेलं.

"अप्पा, सेल्लम्माचं नाव कोठें आहे?"

"कशात?"

"ह्या कागदात."

"तिने ड्रॉइंग काढलं कां?"

"वजन तिने सांगितलं. नळी तिने टांगली. पेटी तर तिचीच आहे."

"पितळ तिचं. रचना माझी. जेवणारा मीठ कमी आहे म्हणाला म्हणून आचारी होत नाही, यमू."

"अकरा दिवस जेवणाऱ्याचं ताटच घेऊन गेला होतात तुम्ही!"

आई हातातली कढई तशीच ठेवून बाहेर आली. अप्पांचं पान वाढलेलं असताना उठायची आमच्या घरात रीत नव्हती. मी उठले.

मी मामाकडे गेले आणि पत्रक लिहिलं. मथळा दिला, 'पेटी कोणाची?' लिहिलं की ही पेटी सेल्लम्माने केली आणि राव सारांनी चोरली. लिहिलं की तिच्या कष्टावर शाली पांघरल्या जातात. आणखी जळजळीत व्हावं म्हणून हेही लिहिलं की चाचण्यांत पुन्हा पुन्हा आग विझून गॅस पसरे, तिच्या जिवाशी खेळ झाला. मामाने चष्मा लावून शुद्धलेखन तपासलं. मजकूर तपासायची त्याची सवय नव्हती. पत्रक म्हणजे राग, आणि रागात दुरुस्ती करू नये असं त्याचं मत. दोनशे गुलाबी कागद मी स्वतः वाटले. चहाच्या टपरीवर, बसस्टँडवर, आणि मुद्दाम त्या फ्लॅटच्या प्रत्येक पत्रपेटीत.

अप्पांनी ते टपरीवर वाचलं. घरी आले, माझ्याकडे पाहिलं नाही, शेडमध्ये जाऊन बसले. कानशीचा आवाज आला नाही. मला वाटलं, जिंकलं. सोळाव्या वर्षी बापाला गप्प केल्याचा जो आनंद असतो, तो मी पुरेपूर घेतला. आज लिहिताना लाज वाटते आणि तरी तो आनंद आठवतो, दोन्ही खरं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सेल्लम्मा आली. हातात गुलाबी कागद. ओट्याखाली थांबली नाही. पायरी चढली, ओटा ओलांडला, अंधाऱ्या खोलीतून सरळ अंगणात येऊन उभी राहिली. आईच्या हातातून लाटणं पडलं. मला वाटलं, माझ्या पत्रकाने केलं हे.

"पाप्पा, हे वाचून दाखव."

मी उभी राहून ठसक्यात वाचलं. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"हे मी तुला कधी सांगितलं?"

"तुमच्यासाठीच लिहिलं, सेल्लम्मा. तुमचं नाव—"

"मला विचारलंस?"

तिने कागद माझ्या हातातून परत घेतला.

"साराने माझी पेटी नेली, विचारलं नाही, सांगितलं फक्त. तू माझं नाव नेलंस, सांगितलंही नाहीस. एकाच घरातली ना तुम्ही!" तिचा आवाज चढला होता. "आणि वर खोटं लिहिलंस. म्हणे पेटी मी केली. ती आग मी केली का? त्या दोन पत्र्यांपायी तीन दिवस अन्न गोड लागलं नाही त्या माणसाला, मी पाहिलं नाही का? माझं नाही ते माझ्या नावावर कशाला घालतेस? मी भीक मागितली तुझ्याकडे?"

"पण त्यांनी तुमचं—"

"ते मी बघेन त्यांच्याशी. गॅस पसरतो असं लिहिलंस, ते कुणासाठी? सकाळी सेक्रेटरी आला होता हा कागद घेऊन. म्हणतो, धुराची गाडी परवडली, स्फोटाची नको. सोमवारच्या आत हलव." कागद तिने चुरगळला नाही. नीट चार घड्या घालून माझ्या हातात दिला. घडी घालायची तिच्या हाताला सवयच होती. "तुझा राग छान आहे, पाप्पा. पण सोमवारी झाडाखालून तू नाही उठणार."

 

अप्पा शेडच्या दारात येऊन उभे होते. सेल्लम्मा त्यांच्याकडे वळली. "आणि तुम्ही, सार. ही पेटी धोक्याची नाही ना?"

"नाही."

"मग उद्या सकाळी गाडीवर या. सगळ्यांसमोर तुम्ही इस्त्री करा. दहा कपडे."

"मला येत नाही, सेल्लम्मा."

"माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणूनच या."

आल्या वाटेने, समोरच्या दाराने, ती परत गेली. आईने लाटणं उचललं, धुतलं, आणि अंगणात पाणी शिंपडायला गेली नाही. त्या घरात ते पहिल्यांदा घडलं.

सकाळी सातला अप्पा करंजाखाली उभे राहिले. बाह्या दुमडलेल्या, कपाळावर चष्मा. गल्लीतली अर्धी माणसं कॉफीचे पेले घेऊन जमली. राव सार रस्त्यावर कपडे इस्त्री करणार, एवढं बघायला पैसे पडत नव्हते. मी ट्यूबच्या पट्टीशेजारी उभी होते आणि मला कुणी जा म्हटलं नाही, थांबही म्हटलं नाही. अप्पांनी पेटी धरली आणि दोन्ही हातांनी दाबली.

"दाबू नका, सार. तिला जाऊ द्या."

त्यांनी जाऊ दिली. पेटी वाकडी गेली. दोन घड्या एकात एक बसल्या. "बापरे, राव सारांच्या वेष्टीला दोन काठ!" कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसले, अप्पांचे कान लाल झाले. चौथ्या कपड्याला त्यांचा शर्ट पाठीला चिकटला. सहाव्याला त्यांचा हात थांबला, त्यांनी उजव्या खांद्याला डावा हात लावला. मग त्यांनी सेल्लम्माच्या खांद्याकडे पाहिलं, जिथे अजून कापडाची पट्टी बांधलेली होती. त्या अकरा दिवसांचा हिशेब त्यांच्या अंगात तेव्हा उतरला, माझ्या पत्रकाने नाही.

सेक्रेटरी स्वतःचा शर्ट घेऊन पुढे आले. "आग विझली तर गॅस बाहेर येत नाही का?" त्यांनी विचारलं.

अप्पांनी कोंबडा वळवून झाकण उघडलं आणि निळी आग दाखवली. "हे आडवे पत्रे मी बसवले, वाऱ्याने विझू नये म्हणून. तरी विझलीच तर दिसली पाहिजे, म्हणून झाकण ठेवायला यांनी सांगितलं. नळीवर ओढ बसू नये म्हणून ती वर टांगायची युक्ती यांची. आणि वजन..." त्यांनी पेटी मुठीने उचलली. "वजनाचं मला कळतच नव्हतं. तेही यांनीच सांगितलं."

सेल्लम्मा दुसरीकडे पाहत पदराने कपाळ पुसत होती. सेक्रेटरींनी शर्ट हातात घेतला, कॉलर पाहिली, तोंड वाकडं केलं. "इस्त्री मात्र तिलाच करू द्या," ते म्हणाले. "बरं. पोंगलपर्यंत बघू." त्यानंतर किती पोंगल झाले. गाडी तिथेच आहे.

अप्पांनी ड्रॉइंग पुन्हा काढलं. यावेळी सेल्लम्माला ओट्यावर बसवून, प्रत्येक भागाला बाण काढून, कुठलं कुणाचं ते विचारून लिहिलं. ते प्रदर्शनवाल्यांना पाठवलं, सोबत प्रशस्तिपत्र परत, दोन नावं घालून द्या अशी विनंती करून. उत्तर आलं नाही. प्रशस्तिपत्रही परत आलं नाही. आज दुकानात मी गॅसच्या पेट्या पाहते, रंगीत खोक्यातल्या. हलक्या आहेत आणि नळी मागून निघते. म्हणजे कुठल्या तरी कारखान्यात पुन्हा कुणी तरी दयाळू माणूस बसला आहे, आणि पुन्हा त्याने कुणाला विचारलेलं नाही. खोक्यावर एक हसरी बाई छापली आहे. तिचा खांदा आठ दिवसांत सुजेल, हे मी दुकानदाराला सांगितलं. तो म्हणाला, "घ्यायची आहे का, मॅडम?"

हे प्रकरण छापायला देण्याआधी मी ते तमिळमध्ये सांगून सेल्लम्माला पूर्ण ऐकवलं. ती आता इस्त्री करत नाही, सून करते, त्याच पेटीने. दुपारी सेल्लम्मा आमच्या ओट्यावर येऊन बसते, अप्पाही निवृत्त होऊन तिथेच बसतात, आणि दोघांना भांडायला विषय लागत नाही.

"कोंबडा ठेवा असं तुम्ही नाही म्हणालात," मध्येच अप्पा म्हणाले. "मीच म्हणालो होतो."

"सार, तुम्ही करवतीने कापायला निघाला होतात त्याला. मी हात धरला तुमचा."

"लिही, यमू, याबद्दल मतभेद आहे."

लिहिलं. सेल्लम्मा डोळे मिटून ऐकत राहिली. मला वाटलं झोपली. संपल्यावर डोळे न उघडताच म्हणाली, "एक शब्द काढ."

"कुठला?"

"बिचारी."

"तो अप्पांचा आहे. ते खरंच तसं म्हणाले होते."

"साराने म्हटलेला राहू दे, त्यांचं त्यांना. पुढे सुजलेल्या खांद्याशी तू म्हटलेला काढ."

मी कागद चाळले. होता. अकरा दिवसांच्या परिच्छेदात, सातव्या दिवसापाशी, माझ्याच हाताने लिहिलेला. तिच्यासमोर पेनने खोडला, इतका की खालचा कागद दिसला. तिने वाकून पाहिलं. तिला देवनागरी वाचता येत नाही, तमिळही फारसं नाही, पण खोडलेलं कळतं.

"आता ने," ती म्हणाली.